जुन्या फोर-बाय-फोर गाडीचं जाम झालेलं इंजिन घरी बदलताना

इंजिन जाम झालं की मन लगेच दुसऱ्या इंजिनच्या शोधाला लागतं. तिथे जरा थांबा. इंजिन उतरवणं आणि चढवणं हे दोन माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे, आणि साखळी-क्रेनचा भाग सावकाश केला तर जमतोच. घात होतो तो वेगळ्या ठिकाणी. पहिलं इंजिन ज्या कारणाने गेलं ते कारण गाडीतच राहून जातं आणि दुसरं इंजिनही त्याच वाटेने जातं. चिखलाने बुजलेला रेडिएटर, बेअरिंगचा चुरा पोटात घेऊन बसलेला ऑइल कूलर, फिल्टरच्या पुढे फाटलेला हवेचा होज या गोष्टी इंजिनबरोबर आपोआप बदलल्या जात नाहीत. म्हणून या कामाचा बराचसा वेळ पाना हातात न घेता, नुसतं बघण्यात आणि तपासण्यात जायला हवा.

इथे गृहीत धरलेली गाडी जुन्या घडणीची आहे. शिडीसारखी चासी, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, मागे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटून देणारी पेटी), आणि यांत्रिक पंपाचं डिझेल किंवा साधं पेट्रोल इंजिन. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे) आणि फटींचे नेमके आकडे नेहमी त्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

खरंच जाम आहे का?

चावी फिरवल्यावर हेडलाइटकडे बघा. टक असा आवाज आला आणि दिवे जसेच्या तसे राहिले, तर दोष बहुधा स्टार्टरच्या सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या जोडण्यांमध्ये आहे. धप्प आवाज येऊन दिवे एकदम मंदावले, तर एक तर बॅटरी किंवा तिच्या केबल कमजोर आहेत, नाहीतर स्टार्टर जोर लावतोय आणि पुढे काहीतरी हलत नाहीये. बॅटरी चांगली चार्ज झालेली, म्हणजे बंद अवस्थेत १२.५ व्होल्टच्या आसपास असेल आणि केबलची टोकं घट्ट व स्वच्छ असतील, तरच पुढच्या तपासणीला अर्थ आहे.

मग सगळे बेल्ट काढा. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर किंवा वॉटर पंप यांपैकी एकाचं बेअरिंग धरलं तरी स्टार्टरला ते जाम इंजिनासारखंच वाटतं. त्यानंतर स्टार्टर उतरवा, कारण त्याचं पिनियन (लहान दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकून बसलेलं असू शकतं. गिअर न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये. क्लच दाबल्यावर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) फिरतो आणि सोडल्यावर अडतो, असं असेल तर दोष गिअरबॉक्सचा आहे आणि इंजिनला हात लावायची गरज नाही.

आता स्पार्क प्लग, किंवा डिझेलमध्ये ग्लो प्लग, सगळे काढा आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावा. बहुतेक इंजिनं पुढून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात आणि बोल्टही त्याच दिशेने घट्ट होतो, त्यामुळे त्याच दिशेने जोर लावा. उलट फिरवलं तर बोल्ट सुटेल, आणि टायमिंग बेल्टच्या इंजिनमध्ये बेल्टचा दात सरकू शकेल. हाताला काय जाणवतं ते महत्त्वाचं आहे. थोडं फिरून एका जागी टणकन अडत असेल, तर टायमिंग तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळलाय किंवा सिलिंडरमध्ये काही पडलंय. थोडंसं लवून परत येत असेल, तर गंजाने रिंगा धरल्या असण्याची शक्यता जास्त. केसभरही हलत नसेल, तर बहुधा बेअरिंग किंवा पिस्टन वितळून चिकटलाय.

गाडी पाण्यातून गेल्यावर बंद पडली असेल, तर प्रकरण निराळं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो. प्लग काढून फिरवल्यावर भोकांतून पाण्याची चिळकांडी उडेल, तेव्हा तोंड समोर नेऊ नका. इंजिन मोकळं झालं म्हणून लगेच चालू करू नका. कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते आधी पाहा. प्लगच्या भोकातून, किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये इंजेक्टरच्या भोकातून, पितळेची बारीक सळई पिस्टनवर टेकवा, दुसऱ्या माणसाला क्रँक अगदी सावकाश फिरवायला सांगा आणि सळई सगळ्यात वर कुठे पोचते तिथे खूण करा. सगळ्या सिलिंडरच्या खुणा एका रेषेत यायला हव्यात. एखादी मिलिमीटरभर जरी खाली राहिली, तर तो रॉड वाकला आहे, आणि वाकलेला रॉड पुढे कधीतरी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन मात्र अनेकदा वाचतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० ते १०० मिली डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि आठवडाभर मुरू द्या. मग मीटरभर लांबीच्या दांड्याने पुढे-मागे हलकं झुलवा. इथे मागे फिरवणं चालतं, कारण हालचाल अंशा-दोन अंशांची असते. फक्त बोल्ट सैल होत नाहीये ना याकडे लक्ष ठेवा. सगळा भार टाकून ओढलंत तर गंजलेल्या रिंगा पिस्टनच्या खाचा तोडतील. मोकळं झालं तर जुनं ऑइल आणि फिल्टर बदलूनच पुढे जा, कारण ओतलेलं सगळं खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरलेलं असतं.

कशाने गेलं ते शोधा

इंजिन अजून गाडीत असतानाच ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर त्यात कूलंट किंवा पाणी मिसळलंय. नंतर ऑइल फिल्टर कापा. करवतीने कापू नका, तिचाच कीस आत पडतो. पत्रा कापायची कात्री वापरा. आतला घडीचा कागद सोडवून वर्तमानपत्रावर पसरा, तेल निथळू द्या आणि उन्हात तिरका धरून बघा. मळकट राखाडी रंगाच्या, नखाने दबणाऱ्या पातळ पापड्या म्हणजे बेअरिंगचा वरचा थर. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंग त्याच्याही खाली झिजलंय. चकचकीत रुपेरी आणि चुंबकाला न चिकटणारे कण बहुधा पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे, आणि चुंबकाला चिकटणारे म्हणजे रिंगा, कॅम, गिअर यांचं पोलाद.

बेअरिंगचा चुरा सापडला तर प्रश्न ऑइलचा. पातळी कमी होती का, पिकअपची, म्हणजे चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या नळीची, जाळी बुजली होती का, की तीव्र चढावर गाडी बराच वेळ तिरकी राहून पिकअपने हवा ओढली? डोंगरात चालणाऱ्या गाडीत पातळी खालच्या खुणेवर असणं हे सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. पिस्टनचे कण सापडले तर प्रश्न उष्णतेचा. रेडिएटर पुढून स्वच्छ दिसला तरी फसू नका. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत चिखल, गवत आणि बियांचा थर जमतो आणि तो दोन्ही सुटे केल्याशिवाय दिसत नाही. व्हिस्कस फॅनही (जाड तेलाच्या क्लचवर फिरणारा पंखा) बघा. बंद गरम इंजिनवर तो हाताने फिरवताना अडखळत, जड फिरायला हवा. भिंगरीसारखा फिरत राहिला तर तो मेलाय.

दुसरं इंजिन निवडताना

त्याच कोडचं, म्हणजे नेमक्या त्याच प्रकारचं, इंजिन घ्या. कोड एकच असला तरी ऑइल चेंबरचं पोट पुढे आहे की मागे, हे पाहायलाच हवं. पुढचा अॅक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलला वर यायला जागा लागते आणि टू-व्हील ड्राइव्ह गाडीतून आलेल्या इंजिनचा चेंबर तिथे नेमका आपटतो. चेंबर बदलता येतो, पण त्याबरोबर पिकअप पाइप आणि डिपस्टिकही बदलावी लागते. यांपैकी एखादं जुनं ठेवलं तर पातळीचं माप चुकतं.

इंजिन चालू अवस्थेत बघायला मिळालं तर उत्तम. थंड असताना चालू करून बघा, गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष झाकतं. कॉम्प्रेशनचा साधारण अंदाज असा: पेट्रोलमध्ये १० ते १३ बार, डिझेलमध्ये २५ ते ३० बार. एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. सगळी जरा कमी पण सारखी असतील तर इंजिन वयाप्रमाणे झिजलंय. तीन चांगली आणि एक पडलेलं असेल तर ते सोडून द्या. उतरवलेलं इंजिन असेल तर लीक-डाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते मोजा. १० टक्क्यांपर्यंत गळती चांगली, २५च्या वर गेली तर हवा कुठून निघते ते ऐका: एक्झॉस्टमधून, इनटेकमधून, की ऑइल भरायच्या तोंडातून. तिसरं म्हणजे रिंगा. क्रँक पुढे-मागे ढकलून खेळही बघा. तो डायल गेजवर साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. हाताला ठकठक जाणवत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय.

इंजिन क्रमांक बदलतो, तेव्हा गाडीच्या कागदपत्रांवर त्याची नोंद बदलावी लागते. विकणाऱ्याकडून क्रमांकासह पावती आधीच घ्या.

जागा आणि उचलण्याचं सामान

जमीन सपाट आणि टणक हवी. क्रेनची लहान चाकं मातीत किंवा फरशीच्या सांध्यात रुततात आणि इंजिन लोंबकळत असताना क्रेन ढकलायला जोर लावावा लागणं ही सगळ्यात वाईट वेळ. जमीन कच्ची असेल तर १८ मिमीची प्लायवूडची पूर्ण शीट अंथरा, सांधे क्रेनच्या वाटेत येऊ देऊ नका.

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन २०० ते २८० किलो भरतं, जुनं सहा सिलिंडरचं ३५० किलोच्या पुढे जातं. क्रेनवर २ टन लिहिलेलं असलं तरी ते हात सगळ्यात आखूड असतानाचं माप आहे. हात पूर्ण लांब केला की तीच क्रेन बऱ्याचदा अर्ध्या टनाची उरते. हातावरच्या भोकांपाशी आकडे कोरलेले असतात, ते वाचा. उंच केलेल्या गाडीत क्रेनची उंची कमी पडते. तेव्हा पुढचं ग्रिल आणि रेडिएटरची आडवी पट्टी उतरवा, किंवा पुढची चाकं काढून चासी कमी उंचीच्या घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा. जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही, मिनिटभरासाठीसुद्धा.

साखळी उचलण्यासाठी बनवलेली, शॅकलसह. इंजिनला मूळ लिफ्टिंग हुक असतील तर तेच वापरा. नसतील तर हेडच्या किंवा ब्लॉकच्या भोकांत ८.८ ग्रेडचे, किमान १० मिमीचे बोल्ट, आटे बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आत गेलेले. इनटेक मॅनिफोल्ड किंवा अल्टरनेटरच्या पट्टीला साखळी कधीच नको. साखळीच्या दोन पायांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. लोड लेव्हलर, म्हणजे हँडल फिरवून इंजिन पुढे-मागे कलवणारं साधन, मिळत असेल तर घ्याच. गिअरबॉक्सशी जुळवताना तेच काम सोपं करतं.

याशिवाय गिअरबॉक्सखाली द्यायला ट्रॉली जॅक आणि लाकडाचा ठोकळा, बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा घंटेसारखा भाग) वरच्या बोल्टांसाठी ६० सेंमीचं एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट, टॉर्क रेंच, क्लच मधोमध बसवायचं टूल, १५ लिटरची भांडी, आणि हाताशी अग्निशामक. पिशव्या आणि मार्कर भरपूर ठेवा. प्रत्येक पिशवीवर "कुठले, किती, लांब कुठला" असं लिहा. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यासाठी पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा गोल काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवणं ही सगळ्यात खात्रीची पद्धत.

बाहेर काढणं

आदल्या रात्रीच एक्झॉस्टच्या नटांवर आणि माउंटिंगच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बॅटरी गाडीतून उतरवा. बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ ओढा आणि मग बोनेट काढा. प्रत्येक बाजूने फोटो घ्या, विशेषतः बल्कहेडकडच्या (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) बाजूचे, कारण तिथलंच नंतर आठवत नाही.

रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून कूलंट काढा आणि झाकून ठेवा; ते गोडसर असतं आणि जनावरं पितात, त्यांना ते विष आहे. फॅन, फॅनचं कव्हर, रेडिएटर, इंटरकूलर उतरवा. व्हिस्कस फॅनचा मोठा नट काही इंजिनांवर उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी खात्री करा. स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर पाइप न सोडता नुसते बाजूला बांधा. एसीचे पाइप सोडावेच लागणार असतील तर गॅस त्यातल्या माणसाकडून आधी काढून घ्या. हीटरचे होज पिळून ओढू नका. जुना हीटर कोअर तिथेच तडकतो आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. होज ब्लेडने उभे कापा, तसेही ते नवे टाकायचेच आहेत.

डिझेलचे पाइप सोडल्याबरोबर टोपणं लावा. पेट्रोल इंजेक्शन असेल तर आधी लाइनमधला दाब उतरवा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट उतरवून बांधून ठेवा आणि त्यानंतर पेडल दाबू नका. वायरी सोडताना प्रत्येक टोकावर चिठ्ठी. इंजिनच्या मागच्या बाजूने बल्कहेडला किंवा चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी हमखास विसरली जाते आणि इंजिन उचलताना तीच ताणली जाते.

मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जागेवरच ठेवणं बरं. दोन्ही मिळून वजन खूप होतं आणि लांबीमुळे कोन जमत नाही. गिअरबॉक्सखाली जॅक द्या, मागचं क्रॉस-मेंबर सैल करून गिअरबॉक्सची शेपटी थोडी खाली सोडा, म्हणजे बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांपर्यंत खालून लांब एक्स्टेन्शन पोचतं. शेपटी सोडताना इंजिनचा मागचा भाग बल्कहेडला आणि ब्रेकच्या पाइपांना टेकत नाही ना ते एकाने वरून पाहत राहायचं.

ऑटोमॅटिक गाडीत जाम इंजिन एक खास अडचण उभी करतं. टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाने भरलेला भाग) बोल्ट एका लहान खिडकीतून, क्रँक फिरवत एकेक सोडायचे असतात, आणि इथे क्रँक फिरतच नाही. तेव्हा दोनच वाटा राहतात. एक, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उतरवून बाहेर वेगळे करायचे. दुसरी, पुढे पुरेशी जागा असेल तर कन्व्हर्टर इंजिनलाच ठेवून गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून सरळ पुढे ओढून घ्यायचा. दुसऱ्या वाटेत तेल सांडतं आणि पंपाचा पुढचा सील नवा टाकावाच लागतो. इंजिन सरळ रेषेत पुढे येत नसेल तर ही वाट धरू नका.

क्रेनने वजन घ्या, पण फक्त माउंटिंगचं रबर सैल पडेपर्यंत. मग माउंटिंगचे नट आणि शेवटी बेल हाउसिंगचे उरलेले बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स सुटत नसतील तर क्रेनने ओढू नका. जवळजवळ नेहमी एखादा बोल्ट राहून गेलेला असतो, वरच्या कोपऱ्यातला किंवा खालच्या पत्र्याच्या कव्हरचा लहानसा. सगळे निघालेत याची खात्री झाल्यावर डॉवेल पिनांपाशी (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं उचकटा. फट सगळीकडून सारखी वाढली पाहिजे. एक बाजू उघडून दुसरी बंद राहिली की इंजिनचं वजन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर लटकतं आणि शाफ्टला किंवा त्याच्या बेअरिंगला इजा होते.

शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेंमी, इंजिन सरळ पुढे आणा. मगच पुढचं टोक वर कलवून उचला. हातभर उचलल्यावर थांबा आणि चारी बाजूंनी बघा: काही वायर, काही पाइप, काही केबल अजून धरून आहे का. बाहेर आल्यावर आधी इंजिन जमिनीच्या जवळ खाली घ्या आणि नंतरच क्रेन ढकला. गिअरबॉक्सचं पुढचं टोक आता निराधार आहे, जॅकबरोबर चासीवर एक आडवा दांडा टाकून त्याला बांधूनही ठेवा.

रिकाम्या जागेतलं काम

इंजिनची जागा एवढी मोकळी पुन्हा मिळणार नाही. धुऊन घ्या आणि माउंटिंगच्या ब्रॅकेटपाशी चासीला चीर आहे का ते वायर ब्रशने घासून बघा. ब्रेकचे पाइप, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, वायरिंगचं कडक झालेलं आवरण, सगळं आत्ताच.

बेअरिंगने जीव सोडला असेल तर ऑइल कूलर नवाच टाका. त्याच्या आतल्या बारीक वाटांत अडकलेला चुरा धुऊन निघाल्यासारखा वाटतो आणि गरम ऑइल वाहू लागलं की बाहेर पडून थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. पैसे वाचवायला इथे जागा नाही. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट हलवून खेळ बघा आणि त्याला ऑइल नेणारा पाइप नवा टाका. इंटरकूलर उलटा करून निथळवा, आत साचलेलं ऑइल डिझेल इंजिनने ओढलं तर त्यावरच ते बेफाम पळू शकतं आणि चावी बंद करून थांबत नाही. रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा; गरम चाचणीत तो मधल्या भागात थंड राहत असेल तर कोअर बदला. डिझेलच्या टाकीच्या तळाचं थोडं इंधन बाटलीत काढून पाणी आहे का तेही पाहा.

दोन इंजिनं शेजारी ठेवून

जुनं आणि नवं इंजिन शेजारी ठेवून पुढून मागे एकेक गोष्ट जुळवत जा. सेन्सर, ब्रॅकेट, पुल्यांची रेघ, डिपस्टिक, चेंबर. जाम क्रँकचा एक फायदा आता होतो: जुन्या इंजिनवरचे फ्लायव्हील आणि पुलीचे बोल्ट सोडताना काही धरून ठेवावं लागत नाही.

नव्या इंजिनवर आत्ताच बदलायच्या गोष्टी म्हणजे क्रँकचा मागचा सील, पुढचा सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चेंबरचं पॅकिंग, माउंटिंगची रबरं आणि सगळे होज. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या आड, पत्र्याचे कोअर प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या टोप्या) असतात. गंजलेले दिसले तर बदला. मागचा सील न बदलता बसवलेलं इंजिन दोन महिन्यांत गळायला लागलं, तर हे सगळं काम पुन्हा करायचं असतं.

क्रँकच्या शेवटच्या भोकात पायलट बेअरिंग किंवा बुश आहे का, बोट घालून बघा. ऑटोमॅटिक गाडीतून आलेल्या इंजिनमध्ये ते बहुधा नसतं. त्याशिवाय गिअरबॉक्स बसतो, गाडी चालतेही, पण इनपुट शाफ्टला टेकू नसल्याने थोड्याच दिवसांत आवाज सुरू होतो. जुना बुश काढायला भोकात ग्रीस ठासून भरा आणि नेमका त्या मापाचा दांडा हातोडीने आत ठोका. ग्रीस मागून दाब देऊन बुश बाहेर ढकलतं. नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल तर तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवा, ग्रीस लावू नका.

फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात पूर्ण फिरवून पाहा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक दोन जागी थांबतं, त्यामुळे झीज समोरासमोर दोन ठिकाणी दिसते. दातांची संख्या तुमच्या स्टार्टरशी जुळते का तेही मोजा. ऑटोमॅटिकच्या फ्लेक्स प्लेटचे (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) बोल्ट आखूड असतात, ते फ्लायव्हीलला वापरू नका. क्रँकमधली भोकं आरपार ऑइलपर्यंत जात असतील तर आट्यांना सीलंट लावा, नाहीतर ऑइल बोल्टांवाटे क्लचवर येतं. क्लच प्लेटवर "फ्लायव्हील साइड" लिहिलेलं असतं ते वाचून लावा, मधोमध टूलने धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत आवळा. शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) मुगाच्या दाण्याएवढं उष्णता सहन करणारं ग्रीस पुरतं. जास्त लावलं तर ते फिरून प्लेटवर उडतं आणि क्लच घसरतो.

आत बसवणं

उतरवताना जे केलं तेच उलट क्रमाने, फक्त हातात जास्त संयम घेऊन. इंजिनचा कोन गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळला पाहिजे. बेल हाउसिंग आणि ब्लॉक यांच्यातली फट वर आणि खाली पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखी आली की कोन बरोबर. गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे शाफ्ट स्थिर राहील, आणि इंजिन हलकं ढकलत क्रँकच्या बोल्टने सावकाश फिरवा. स्प्लाइन जुळल्या की इंजिन बोटभर आपोआप आत सरकतं. ते हाताला स्पष्ट कळतं.

शेवटच्या १० ते १५ मिमीला बहुतेकांचा धीर सुटतो. बोल्ट लावून आवळून ओढून घ्यावंसं वाटतं. तसं केलं की बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा हब वाकतो. दोन्ही डॉवेल हाताने बसल्याशिवाय बोल्टाला पाना लावायचा नाही. अडत असेल तर बहुधा कोन चुकलाय किंवा क्लच मधोमध नाही; मागे घ्या आणि बघा.

ऑटोमॅटिकमध्ये आधी कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये पूर्ण बसवा. ढकलत फिरवताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो. जोडणी झाल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपासून त्याची काही मिमी फट राहिली पाहिजे. ती बोल्ट आवळताना भरून निघते. फट नसेल तर कन्व्हर्टर पंपात नीट बसलेला नाही आणि पहिल्याच स्टार्टला पंप फुटेल.

बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट लागेपर्यंत माउंटिंग सैल ठेवा. मग वजन सोडा आणि माउंटिंग आवळा. अर्थिंगची पट्टी सगळ्यात आधी जोडा, धातू घासून चकचकीत करून. ती राहिली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होऊन जळते.

पहिला स्टार्ट

ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कूलंट निम्मं पाणी निम्मं कॉन्सन्ट्रेट, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून. टर्बोच्या ऑइल पाइपात थोडं ऑइल सोडा. डिझेलमध्ये फिल्टरवरच्या हातपंपाने एअर काढा. मग इंधन तोडून, म्हणजे डिझेलचा स्टॉप सोलेनॉइड सोडवून किंवा पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून आणि स्पार्क बंद करून, १० सेकंद स्टार्टर फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा फिरवा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत हेच. दिवा विझत नसेल तर इंजिन चालू करायचं नाही, कारण शोधायचं.

नंतर इंधन जोडा. यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये गरज पडली तर इंजेक्टरचे नट अर्धा फेरा सैल करून फिरवा आणि डिझेल दिसलं की आवळा. हात लांब ठेवा, दाबाखालची धार कातडीत शिरते. कॉमन रेल इंजिनवर (अतिउच्च दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणारं) हे कधीच करू नका.

चालू झाल्यावर पाच सेकंदांत ऑइलचा दिवा विझला पाहिजे. नुसतं वापरलेलं इंजिन असेल तर आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) गरम होऊ द्या. नव्या कॅम आणि सपाट टॅपेटचं बांधलेलं (सुटं करून पुन्हा जुळवलेलं) इंजिन असेल तर ते पहिल्यापासून मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास २० मिनिटं धरायचं, आयडलवर सोडायचं नाही. हीटरमधून थंड हवा येत राहिली आणि काटा वर-खाली झाला तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट आहे का बघा. बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पातळी पुन्हा पाहा; फिल्टरने अर्ध्या लिटरपर्यंत घेतलेलं असतं. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब येतोय का, तेही तेव्हाच.

१०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना एक्झॉस्टचे नट, होजचे क्लिप आणि माउंटिंग पुन्हा आवळा. तोपर्यंत आणि पुढे ५०० किलोमीटरपर्यंत तीव्र चढ, ओढकाम, खोल चिखल टाळा. ५००ला ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टरही पहिल्यासारखाच कापून कागद उन्हात धरा. बांधलेल्या इंजिनच्या पहिल्या फिल्टरमध्ये बारीक चमक दिसते, ती चालते. दबणाऱ्या राखाडी पापड्या दिसल्या तर गाडी तिथेच उभी करा, चेंबर उतरवा आणि बेअरिंग बघा. त्या टप्प्यावर अनेकदा नुसती बेअरिंगची जोडी बदलून क्रँक वाचतो.